सहाव्या नंबराचं काय करायचं?

या आठवड्याच्या टपालात नेरहून एक पत्र आलं. नेर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, अमरावतीहून यवतमाळला जाताना वाटेत लागतं ते. पत्र लिहिणारी मैत्रीण सातवीत आहे. 'माझं नाव छापू नका' असं तिनं दोनदा लिहिलंय आणि दुसऱ्यांदा खाली दोन रेघा ओढल्यात. तेव्हा नाव राहू द्या.

तिची हकिगत अशी. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत सहाशे मीटर धावण्यात ती पहिली आली. शाळेत टाळ्या झाल्या, फळ्यावर नाव लागलं. मग जिल्ह्याची स्पर्धा, यवतमाळला. तिथं ती आली सहावी. परत येताना एसटीत सगळ्या मुलींनी डबे उघडले, हिनं उघडलाच नाही. घरी आल्यापासून भाऊ नावानं हाक मारत नाही, 'ए सहावी' म्हणतो. वर 'सातवीत जाऊनही सहावीच का गं?' हेही रोजचंच. आई काही बोलली नाही. बाबाही रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "झालं ना हौस पुरी करून? आता अभ्यासाकडे बघ."

आणि पत्राच्या शेवटी तिनं एक प्रश्न विचारलाय. तो तिच्याच शब्दांत देतो : 'पहिल्या तिघींना प्रमाणपत्र भेटते. सहाव्या नंबराचं काय करायचं असते?'

खरं सांगू? पत्र वाचून मी दोन दिवस नुसताच फिरलो. कारण प्रश्न अगदी रास्त आहे. 'भाग घेणं महत्त्वाचं, जिंकणं नव्हे' असं उत्तर लिहून मोकळं होता आलं असतं. पण जी मुलगी डबा न उघडता घरी आली, तिला असलं वाक्य पाठवायचं माझ्या जिवावर आलं. त्यापेक्षा सहाव्या आलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. नाव तुम्ही ऐकलेलं आहे. पण तुम्हांला त्यांचा तिसरा नंबर माहीत असेल, सहावा नसेल.

खाशाबा जाधव. साताऱ्याकडचं कऱ्हाड आहे ना, जिथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, त्याच्या अगदी जवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथं १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत हे धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे घरातच आखाडा म्हणा ना! शाळा कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कॉलेज कोल्हापूरला, राजाराम कॉलेजात. तिथं बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना तयार केलं.

पैलवान म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दाराच्या चौकटीत न मावणारा गडी. खाशाबा तसे नव्हते. उंचीनं साधारण साडेपाच फूट, अंगानं सडसडीत. कॉलेजच्या स्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा 'हा काय कुस्ती खेळणार' म्हणून त्यांचं नाव घ्यायलाच तयार नव्हते आणि मग प्राचार्यांकडे जाऊन परवानगी आणावी लागली, अशी गोष्ट सांगतात. त्यांची सगळी भिस्त चपळाईवर आणि डावांवर. समोरच्यानं हात पुढे केला की तो हात परत जायच्या आत खाशाबांनी काहीतरी केलेलं असायचं.

१९४८ साली ऑलिंपिक लंडनला भरलं. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत होतं. बावीस वर्षांच्या खाशाबांची निवड झाली. जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. आणि तिकडे गेल्यावर, दोस्तांनो, एक मोठीच पंचाईत झाली.

माती नव्हती!

ही गंमत नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. आपली कुस्ती होते हौद्यात, लाल मातीत. ती माती पैलवान लेकरासारखी जपतात. तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात. अनवाणी पाय तिच्यात रुततो, म्हणून पाय रोवून उभं राहता येतं. घामेजलेल्या अंगाला माती चोळली की पकड बसते. प्रतिस्पर्ध्याचा लंगोट धरून त्याला उचलता येतं. आणि निकाल? पाठ जमिनीला लागली की निकाल. तोवर कितीही वेळ चालू द्या. तासभर चाललेल्या कुस्त्या तुमच्या आजोबांनी पाहिल्या असतील, विचारून बघा.

लंडनमध्ये समोर होती मॅट. म्हणजे जाड गादी. पायात बूट. पाय रुतायचा प्रश्नच नाही. माती चोळायची सोय नाही. कपड्याला हात लावायचा नाही. घड्याळ लावलेलं, आणि वेळ संपेपर्यंत कुणी चीत झालं नाही तर तीन पंच ठरवणार कोण सरस. आयुष्यभर विहिरीत पोहलेल्या मुलाला एकदम नदीच्या धारेत सोडावं, तसं झालं. पोहणं तेच, पण पाणी वेगळं.

रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी कुस्तीगिरानं खाशाबांना त्या दिवसांत मॅटवरचं शिकवलं. असं कितीसं शिकून होणार? तरी पहिल्या लढतीत खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत लोळवलं. मग अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. पुढे इराणच्या मन्सूर रईसीनं त्यांना हरवलं आणि खेळ संपला. फ्लायवेट म्हणजे ५२ किलोच्या गटात नंबर आला सहावा.

तेव्हा सहावा नंबर आला म्हणून देशात काही झालं का? काही नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये आपण हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं होतं, तेही ब्रिटनला हरवून. सगळं कौतुक तिकडे, आणि ते बरोबरच होतं.

इथं जरा आडवाटेनं जातो. तिकडे स्कॉटलंड म्हणून छोटासा देश आहे. त्यांचा आवडता खेळ रग्बी. लंबगोल चेंडू हातात घ्यायचा आणि पळायचं, आणि बाकीच्यांनी त्याला कमरेत धरून पाडायचं. आपली कबड्डी आणि कुस्ती एकत्र करून मोठ्या मैदानावर सोडली तर जे होईल तसा काहीसा प्रकार. (इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या करंडकासाठी रग्बी खेळतात, त्याचं नाव माहितीय? कलकत्ता कप! कलकत्त्यातला एक रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा त्यांनी बँकेतले उरलेले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि १८७८ साली त्याचा करंडक करून तिकडे देऊन टाकला. त्याला नागाच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती बसलेला आहे.) तर त्या खेळात रीत अशी की देशाकडून एक सामना जरी खेळलात तरी तुम्हांला एक टोपी मिळते. संघ जिंको की हरो, टोपी तुमची. 'याला सात टोप्या आहेत' म्हणजे हा देशाकडून सात सामने खेळला. स्कॉटलंडच्या एरिक लिडेलला अशा सात टोप्या होत्या, आणि त्यानंच पुढे १९२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरचं सुवर्णपदक मिळवलं. मला ती टोपीची रीत फार आवडते. पैशांनी तिची किंमत फारशी नसेल. पण 'तू आमच्यासाठी मैदानात उतरलास, हे आम्ही लिहून ठेवलंय' असं ती टोपी सांगते.

खाशाबांना लंडनहून अशी टोपी मिळाली नाही. पण ते एक गोष्ट घेऊन आले. मॅट काय चीज आहे, ते आता त्यांना कळलं होतं. आपल्या पुढे कोण होते आणि ते पुढे का होते, हेही कळलं होतं. पुढची चार वर्षं त्यांनी काय केलं, तर आपल्या डावांना गादीवर चालायला शिकवलं. तेच डाव, पण पाय रुतणार नाही हे धरून. तीच पकड, पण मातीशिवाय. आणि ५२ किलोच्या गटातून ते वरच्या, ५७ किलोच्या गटात गेले.

१९५२. या वेळी ऑलिंपिक फिनलंडमध्ये, हेलसिंकीला. आता तुम्ही म्हणाल, एकदा जाऊन आलेला पैलवान, त्याला तर हाताला धरून नेलं असेल. छे! मद्रासला निवडीची स्पर्धा झाली, तिथं एका गुणानं त्यांना हरवलेलं दाखवलं. हा निकाल चुकीचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते रडत बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांपर्यंत त्यांनी आपली तक्रार नेली. मला पुन्हा खेळवा, एवढीच मागणी. फेरलढत झाली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून विषय संपवला. पंचांनी गुण मोजायचं कामच ठेवलं नाही.

निवड झाली, पण भाड्याचे पैसे कुठून आणायचे? सरकारकडून हवी तेवढी मदत वेळेवर आली नाही. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. शेतकऱ्यांचं गाव ते, कुणी काय दिलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! आपल्या एका विद्यार्थ्यानं परदेशात जाऊन कुस्ती खेळावी म्हणून. त्या विद्यार्थ्याचा मागच्या वेळचा नंबर सहावा होता, बरं का. पदक बघून पैसे देणारे पुष्कळ असतात. खर्डेकर सरांनी सहावा नंबर बघून घर गहाण टाकलं.

हेलसिंकीत खाशाबांनी सुरुवात झोकात केली. कॅनडाच्या आद्रियां पोलिकॅंला चीत केलं. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला त्याहून लवकर चीत केलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला गुणांवर हरवलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ही कुस्ती लांबली. पंधरा मिनिटांच्या घरात दोघं झुंजत राहिले आणि खाशाबा अगदी थोडक्यात हरले. हाच इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला.

आणि आता जे झालं ते वाचून तुम्हांला राग येईल. मलाही दर वेळी येतो. इशीबरोबरची कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना पुकारा झाला की रशियाच्या रशीद मामादबेयोव्हशी खेळायला या. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता. पण तो नियम पंचांना दाखवायला आपल्याकडचं कुणी जबाबदार माणूस तिथं हजर नव्हतं. खाशाबा दमलेले, एकटे. तसेच उतरले आणि हरले.

२३ जुलै १९५२. कांस्यपदक. तिसरा नंबर. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूनं मिळवून दिलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. दुसरं कधी आलं ठाऊक आहे? १९९६ मध्ये, अटलांटाला लिअँडर पेसनं टेनिसमध्ये मिळवलं. मध्ये चव्वेचाळीस वर्षं गेली!

आणखी एक नाव सांगतो, ते फारसं कुणी सांगत नाही. त्याच हेलसिंकीत आणखी एक मराठी कुस्तीगीर होते, कोल्हापूरचे केशव माणगावे. ६२ किलोच्या गटात त्यांचा नंबर आला चौथा. म्हणजे पदकाच्या पायरीला हात लागला आणि सुटला. खाशाबांच्या नावानं आता दिल्लीत कुस्तीचं स्टेडियम आहे. माणगाव्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा बघू. मी स्वतः ते मोठेपणी वाचलं, शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. एका पायरीचा फरक, आणि एवढी तफावत! हे बरोबर आहे असं मी म्हणणार नाही.

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाड स्टेशनवर त्यांना न्यायला बैलगाड्या आल्या होत्या. एकशे एक्कावन्न बैलगाड्या, असं गावचे लोक सांगत. एरवी पाव तासाची वाट, तिला त्या दिवशी सात तास लागले म्हणतात. ढोल, लेझीम, गुलाल, सगळं आलंच. मला त्यापुढचा भाग जास्त आवडतो. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः खेळले, आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं.

पुढचं आयुष्य साधंच आहे, म्हणून भराभर सांगतो. १९५५ साली ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची आशा होती, पण गुडघ्याच्या दुखापतीनं ती संपवली. मग नोकरी, खात्यातल्या मुलांना शिकवणं, बदल्या. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, तेव्हा ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला. १९८३ साली सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि वर्षभरातच, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. तुमच्या शाळेत पाळतात का? नसतील पाळत तर सरांना आठवण करून द्या.

आता नेरच्या मैत्रिणीच्या बाबांशी दोन शब्द. बाकीच्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण मला ठाऊक आहे, तुम्ही आधी हाच वाचाल!

दादा, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. अभ्यास हवाच. खाशाबाही कॉलेजात शिकलेले होते, म्हणून गुडघा गेला तेव्हा फौजदाराची नोकरी हाताशी होती. पण तुमच्या लेकीला यवतमाळच्या मैदानात काय दिसलं, हे तुम्ही तिला विचारलंत का? ती तालुक्यात पहिली येते म्हणजे तिथं तिच्या पुढे कुणी नसतं. पुढे कुणी नसलं की शिकायचं कुणाकडून? जिल्ह्याला पहिल्यांदा तिला पाच जणींच्या पाठी दिसल्या. त्या पाच जणी सुरुवातीला कशा पळाल्या, कुणी दम राखून ठेवला, कुणाच्या पायात कसले बूट होते, हे तिनं नक्की पाहिलं असणार. ते तिच्याकडून ऐका. संध्याकाळी जेवताना ऐका, फार वेळ लागणार नाही. आणि अमरावती तुमच्यापासून काही लांब नाही. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला पथक नेलं होतं. आपल्या भागातले कितीतरी खेळशिक्षक तिथं शिकून आलेत. तुमच्या शाळेतलेही कदाचित असतील. त्यांना भेटून विचारा, पोरीत दम आहे का म्हणून. ते 'नाही' म्हणाले तर मला पत्र पाठवा, मी गप्प बसेन.

आणि मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मलाच तुला काही विचारायचंय. सहाशे मीटरला तुला किती वेळ लागला? पहिल्या आलेल्या मुलीला किती लागला? तुझ्या पत्रात नंबर चार वेळा आलाय, वेळ एकदाही नाही. सरांच्या वहीत असेल, विचारून घे. आणि तालुक्याला तुला किती लागला होता, तोही आकडा घे. मला दाट शंका आहे की यवतमाळला तू सहावी आलीस ती तालुक्यात पहिली आली होतीस त्यापेक्षा जास्त वेगानं धावून. शंका खोटी निघाली तर तसं कळव, मग दुसरा विचार करू. शेवटच्या शंभर मीटरमध्ये काय झालं, तेही लिही. पाय जड झाले का पोटात कळ आली? का सुरुवातीलाच सगळ्यांच्या पुढे सुटली होतीस? तालुक्यातली सवय अशी लवकर जात नाही.

भाऊ पुन्हा 'ए सहावी' म्हणाला की त्याला विचार, त्या दिवशी तू कितवा आला होतास?

तीनही आकडे पाठव. पोस्टकार्डावर मावतील. वाट बघतो.